कोडच्या फाईलवर नाव आणि लायसन्स कसे घालावे

दिंडोरीच्या एका मित्राच्या द्राक्षबागेसाठी मी छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. गोडी छाटणीची (फळांसाठीच्या छाटणीची) तारीख टाकली की आज कितवा दिवस आणि फवारणी आहे का, ते सांगतो. गिटहबवर, म्हणजे कोड सगळ्यांसाठी ठेवायच्या संकेतस्थळावर, टाकून मोकळा झालो. मग नाशिकच्याच एका विद्यार्थ्याचा फोन आला, "दादा, हा वापरला तर चालेल ना?" तेव्हा कुठे ट्यूब पेटली.

१९५७च्या कॉपीराइट कायद्यात प्रोग्रॅमही साहित्यकृतीच. लिहिला की हक्क आपोआप लागतो, नोंदणी लागत नाही. म्हणूनच परवानगी लिहून दिली नाही, तर उघड्यावर ठेवलेला कोडही दुसऱ्याला हक्काने वापरता येत नाही.

आधी मालक ठरवा. सातपूर-अंबडच्या कंपनीत नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड, करारात वेगळं नसेल तर, कंपनीचा. मग लायसन्स, म्हणजे वापराची लेखी परवानगी, निवडा. एमआयटी, अपाची २.० किंवा जीपीएल अशी तयार लायसन्स आहेत. 'फक्त चांगल्या कामाला वापरा' असलं घरगुती लायसन्स नको; चांगलं काम कोणतं, यावरच भांडण व्हायचं.

आता प्रत्येक फाईलच्या माथ्यावर कॉमेंटमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम चालताना वगळल्या जाणाऱ्या टिपेत, दोन ओळी घाला (प्रत्यक्षात रोमन लिपीत):

कॉपीराइट २०२४ तुमचे नाव
एसपीडीएक्स-लायसन्स-आयडेंटिफायर: एमआयटी

एसपीडीएक्स म्हणजे लायसन्सची छोटी, ठरलेली नावं लिहायची पद्धत. सातबाऱ्यावर मालकाचं नाव आणि इतर हक्क असतात, तसंच हे. लोक सगळा प्रोजेक्ट नेत नाहीत, एखादीच फाईल उचलतात. म्हणून उतारा फाईलसोबतच हवा. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, २०१७पासून अशीच एसपीडीएक्सची ओळ दिसते. स्क्रिप्टची पहिली ओळ हॅश आणि उद्गारचिन्हाने सुरू होत असेल, तर ती जागची हलवू नका; स्क्रिप्ट कशाने चालवायची ते ती सांगते. आपल्या ओळी तिच्या खाली. वर्ष पहिल्यांदा प्रसिद्ध केल्याचं घाला, दर जानेवारीला खोडाखोड नको.

दुसऱ्याच्या ओळी मात्र पुसू नका. तारखांचं एक फंक्शन (कोडचा तुकडा) मी उसनं घेतलं होतं आणि वरचा नाव-लायसन्सचा मजकूर अडगळ समजून उडवला होता. तो मजकूर ठेवणं ही एमआयटीची मुख्य अट, आणि नेमकी तीच मोडली! जुनी प्रत शोधून ओळी परत लावल्या. अपाचीत तर फाईल बदलली असेल, तर तसं लिहावंही लागतं.

शेवटी लायसन्सचा पूर्ण मजकूर 'लायसन्सेस' फोल्डरमध्ये ठेवून, या ओळी तपासणाऱ्या रीयूज या साधनाची 'लिंट' आज्ञा चालवा. ओळी घालायच्या राहिलेल्या फाईलींची यादी येते. माझ्या यादीत द्राक्षाच्या घडाचं चित्र निघालं. चित्रात कॉमेंट कुठे लिहिणार? त्याच नावापुढे 'डॉट लायसन्स' जोडून वेगळी फाईल केली आणि त्या दोन ओळी तिच्यात ठेवल्या.