वळिवाआधी कोॲक्स केबलची तपासणी
साताऱ्यात एप्रिल-मेमधील वळीव गडगडाटासह येतो आणि जूनपासून पाऊस फारशी उसंत देत नाही, त्यामुळे हौशी रेडिओचालकाने गच्चीवरील डायपोलची (दोन समान लांबीच्या तारांच्या अँटेनाची) देखभाल उन्हाळ्यातच उरकलेली बरी. तारेपेक्षा तिला रेडिओशी जोडणाऱ्या कोॲक्स केबलचा जोड अधिक दगा देतो. केबलच्या टोकाचा पीएल-२५९ कनेक्टर जलरोधक नसतो. त्यातून शिरलेले पाणी केबलच्या तांब्याच्या जाळीतून केशाकर्षणाने आत सरकत जाते आणि एकदा काळी पडलेली जाळी वाळवून पूर्ववत होत नाही. जोडावर स्वतःशीच एकजीव होणारी रबरी टेप ताणून, खालून वर अशी गुंडाळावी, म्हणजे तिचे थर कौलांप्रमाणे एकमेकांवर चढतात. केबल खिडकीतून आत घेण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा. पाणी तेथेच ठिबकून जाते.

एका बाबतीत मात्र अनुभवी माणूसही फसतो. भिजलेल्या केबलमध्ये अँटेनाकडून परतणारी लहरही वाटेतच क्षीण होते, आणि त्यामुळे रेडिओजवळचा एसडब्ल्यूआर मीटर (परतणाऱ्या लहरीचे प्रमाण सांगणारा) पूर्वीपेक्षा चांगला, म्हणजे कमी, आकडा दाखवतो! म्हणून अँटेनाकडील टोक सोडवून तेथे ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी शक्ती शोषून घेणारा रोध) जोडावा व दोन्ही टोकांना वॉट मोजावेत. सुस्थितीतील २० मीटर आरजी-५८ केबलमध्ये ७ मेगाहर्ट्झवर पाचव्या हिश्श्याहून कमी शक्ती खर्ची पडते. निम्मी जात असेल, तर केबल बदलावी.

विजांची चिन्हे दिसण्यापूर्वीच केबल रेडिओपासून काढून तिचे टोक खिडकीबाहेर ठेवावे. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र तिला हात लावू नये.