मिठीला भरती कधी? तिथीवरून वेळ काढायची रीत

मुंबईच्या साष्टी बेटावरची मिठी नदी विहार-पवई तलावांच्या ओसंडणाऱ्या पाण्यावर निघते आणि सुमारे 18 किमीवर माहीमच्या खाडीला मिळते. खालच्या टप्प्यात तिची पातळी समुद्र ठरवतो. म्हणून पावसाळ्यात आकाशाइतकीच तिथीही बघावी.

रीत कोळ्यांची, जुनी. तिथीच्या आकड्याला 3 ने गुणा, 4 ने भागा. येईल ती पूर्ण भरतीची वेळ. सप्तमीला 7×3=21, भागिले 4 म्हणजे सव्वापाच. साधारण 12 तास 25 मिनिटांनी दुसरी भरती, मधे सव्वासहा तासांनी ओहोटी. प्रतिपदेचा पाऊण म्हणजे पाऊण वाजता, दुपारी आणि रात्री.

कृष्ण पक्षात मोजणी पुन्हा 1 पासून. पुढे 16, 17 मोजत गेलात तर उत्तर पाऊण तास आधीचं येतं. तिथीचा क्षय (पंचांगात तिथी गळणं) किंवा वृद्धी (तीच तिथी दोन दिवस येणं) झाली की हिशेब अडखळतो. समुद्र काही तिथी गाळत नाही. म्हणून अर्ध्या-पाऊण तासाची चूक धरूनच चाला. होडी काढायची असेल तर छापील भरती-ओहोटीचं कोष्टकच घ्या.

आता नदीचा उशीर. कोष्टक बंदराचं असतं, पाणी खाडीतून आत चढायला वेळ लागतो. किती, ते ठिकाणागणिक बदलतं, तेव्हा स्वतःच मोजा: कोरड्या दिवशी पुलावरून एका खांबावरची ठळक खूण हेरा, पाणी चढायचं थांबलं की वेळ लिहा. कोष्टकातल्या वेळेशी तीन-चार दिवसांचा फरक जुळला की तोच तुमचा आकडा. पावसाच्या दिवशीची नोंद यात धरू नका, वरून आलेलं पाणी वेळ बिघडवतं. काठाच्या चिखलात उतरू नका. पाय रुततो आणि पाण्यात सांडपाणी असतं.

चढ एकसारखा नसतो. सहा तासांचे बारा भाग धरले तर तासागणिक साधारण 1, 2, 3, 3, 2, 1 भाग चढतात; म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. "अजून बरंच खाली आहे" म्हणणारा इथेच फसतो.

उधाण, म्हणजे सर्वांत मोठी भरती-ओहोटी, पुनव-अवसेनंतर एक-दोन दिवसांनी जोरात असतं; भांग, म्हणजे सर्वांत लहान भरती-ओहोटी, अष्टमीनंतर. उधाणात 4.5 मीटरच्या वरच्या भरतीला जोराचा पाऊस गाठला, तर नाल्यांचं पाणी नदीत उतरत नाही, उलट मागे फिरतं. भरतीच्या आधीचे नि नंतरचे दोन-दोन तास जपा, गाडी सखल भागातून आधीच हलवा. भांगाला निर्धास्त राहू नका: तेव्हा ओहोटीही पाणी फारसं खाली ओढत नाही, त्यामुळे तुंबलेलं पाणी हळूहळू उतरतं.