आपल्याच घराचं स्थलांतर लिहिताना : नागपुरातल्या नवख्या इतिहासकारांसाठी

घराण्याचा इतिहास लिहायचा म्हटलं की विद्यार्थी रेकॉर्डर घेऊन थेट आजोबांपुढे बसतो. त्याआधी कपाट उघडा. विदर्भातल्या कितीतरी घरांत जात पडताळणीची फाईल असते, म्हणजे कुणीतरी अर्धं संशोधन आधीच करून ठेवलेलं असतं. अनुसूचित जाती-जमातींना १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांना १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. म्हणून त्या फायलीत कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची) नक्कल, शाळेचा दाखल-खारीज उतारा, एखादवेळी बंदोबस्ताच्या, म्हणजे जुन्या जमीन-महसूल पाहणीच्या, मिसलीचं (फायलीचं) पान आणि शपथपत्रावरची वंशावळ सापडते. ही वंशावळ मात्र जपून वापरा. अर्जदारापर्यंत पोचायला लागते तेवढीच ती काढलेली असते; आत्या आणि निपुत्रिक काका बरेचदा गाळलेले असतात.

दाखल-खारीज उतारा लोक जातीच्या रकान्यासाठी काढतात. आपल्याला बाकीचे रकाने हवेत : जन्मस्थळ, आधीची शाळा, दाखल केल्याची तारीख, नाव काढल्याची तारीख, शेरा. समजा थोरल्याचं नाव उमरेडच्या शाळेतून मार्च १९३० मध्ये काढलं आणि नागपुरात तो जुलै १९३१ मध्ये दाखल झाला. मधे सव्वा वर्षाची फट आहे. कुटुंब बहुधा त्याच फटीत हललं. पण पोरगा मामाकडे एकटा शिकायला आलेला असू शकतो, म्हणून धाकट्याची नोंदही हवी. त्याचं जन्मस्थळ नागपूर, साल १९३२ निघालं, तर अंदाजाला आधार मिळाला. ते सव्वा वर्ष थोरला कुठे होता, कामाला जुंपला होता का, हे विचारायला आता आजोबांकडे जा. जन्मतारखेवर इमारत उभारू नका. १ जून आणि १ जुलै या तारखा बरेचदा गुरुजींनीच टाकलेल्या असतात.

कागद सापडत नाही, याचं नेहमीचं कारण चुकीचा जिल्हा. वर्धा १८६२ मध्ये नागपुरातून निघाला, गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपुरातून, गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यातून. आजी ‘गोंदियाकडचे’ म्हणाली तरी जुनी नोंद भंडारा जिल्ह्याच्या नावाने शोधायची. ‘आम्ही मध्य प्रदेशातून आलो’ हेही तसंच. छिंदवाडा, बालाघाट, शिवनी, बैतुल १९५६ पर्यंत नागपूरच्याच प्रांतात होते; १९५० ते १९५६ तर खुद्द नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. तेव्हा आलेल्या माणसाने राज्याची सीमा ओलांडलेलीच नाही. ती पुढे त्याच्या मागून सरकली.

जनगणनेत पणजोबांचं नाव शोधण्यात दिवस घालवू नका. तिथे आकडे मिळतात, माणसं नाही. जन्मस्थळांचे तक्ते मात्र उपयोगाचे, आपलं घर किती मोठ्या लाटेत होतं ते त्यांतून कळतं. पुराभिलेख संचालनालयाच्या नागपूर कार्यालयातही आडनाव सांगून काही निघत नाही. दुष्काळ, बंदोबस्त, गिरणी असा विषय आणि साल सांगावं लागतं.

मुलाखतीत ‘कोणत्या साली?’ विचारलं की लोक गोल आकडा सांगून मोकळे होतात. त्यापेक्षा मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीआधी की नंतर (१९१८), दीक्षाभूमीच्या सोहळ्याला घर इथे होतं का (१४ ऑक्टोबर १९५६), असं विचारा. ‘मिलमध्ये होते’ एवढ्यावर थांबू नका. एम्प्रेस की मॉडेल, कताई की विणाई, पाळी कोणती? एम्प्रेस १८७७ पासूनची, त्यामुळे तिच्या नुसत्या नावाने काळ ठरत नाही. एका तासाचं ध्वनिमुद्रण उतरवायला पाच-सहा तास धरा. ‘करून राह्यला’ असेल तर तसंच उतरवा, पुण्याचं करू नका.

बायकांचं स्थलांतर लग्नातून झालेलं, ते या कागदांत जवळपास नसतंच. त्यासाठी भांडी पालथी घाला. पितळी गुंडावर, परातीच्या काठावर देणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख कोरलेली असते. तीन पिढ्यांची भांडी ओळीने मांडली की माहेरांचा नकाशाच तयार होतो.

एक सापळा सगळ्यांनाच लागतो. आजोबा मूळगावाची कथा सांगतात आणि ती १९०८ च्या नागपूर जिल्हा गॅझेटिअरशी, म्हणजे सरकारने छापलेल्या जिल्ह्याच्या माहितीग्रंथाशी, तंतोतंत जुळते. दोन पुरावे मिळाले म्हणून आनंदून जाऊ नका. छापलेली गोष्ट ज्ञातीच्या स्मरणिकेतून घरात परत आलेली असू शकते. ती घरात कुणी, कुठून आणली ते आधी विचारा.

लिहिताना ‘मी’ कुठे यावा? कागद आपल्या हाती कसा लागला तिथे, नातेवाईक गप्प बसला तिथे, आणि घरची समजूत तुम्हाला खोडावी लागते तिथे. इतर ठिकाणी तो पुराव्याची जागा अडवतो. स्थलांतराचं कारण कागद फारसं सांगत नाही आणि घर सोयीचं सांगतं, म्हणून दोन्ही शेजारी शेजारी ठेवा, एकात एक मिसळू नका.

तळटीपेत कागदाची प्रत छापण्याआधी मात्र थांबा. हलबा-कोष्टी प्रकरणात (कोष्टी हे हलबा या अनुसूचित जमातीत धरायचे का, हा वाद) सर्वोच्च न्यायालयाने २००० साली निकाल दिला, तरी असे दावे आजही चालतात. तुमच्या लेखी रंजक असलेली जातीच्या रकान्यातली एक नोंद चुलतभावाच्या नोकरीवर येऊ शकते. त्याला प्रत आधी दाखवा, संमती लेखी घ्या. नाही म्हणाला तर गाव आणि दशक तेवढं ठेवा, नाव काढा.