गढूळ दिसलं म्हणजे जिवाणू वाढले असं नाही

तेलविहिरीचं सांडपाणी कोल्हापुरात मिळत नाही. माझा नमुना अंकलेश्वरहून बर्फाच्या डब्यातून आला होता, त्यामुळे त्यातला प्रत्येक थेंब मी जपून वापरला. एमएस्सीच्या प्रकल्पाला सर्फॅक्टंट (साबणासारखी, तेल पाण्यात मिसळवणारी रसायनं) आणि जिवाणू हा विषय घेणाऱ्यांसाठी लिहितेय. सीएमसी (ज्या प्रमाणापासून सर्फॅक्टंटचे रेणू पाण्यात पुंजके करू लागतात) वगैरे तुम्हाला ठाऊक आहेच.

मला बुडवलं ते ओडीने, म्हणजे प्रकाश टाकून मोजलेल्या गढूळपणाने; जिवाणू वाढले की तो वाढतो. एसडीएस या सर्फॅक्टंटचं प्रमाण वाढवत नेलं, तसं ६०० नॅनोमीटरचं रीडिंगही चढत गेलं. मी खूश. जिवाणू एसडीएसला दाद देत नाहीत, असं लिहूनही टाकलं. तीन महिन्यांनी सहज एक थेंब स्लाइडवर घेतला, तर बारीक स्फटिकच स्फटिक, जिवाणू अगदी तुरळक. जिवाणू वाढवायच्या माध्यमात पोटॅशियम फॉस्फेट होतं. एसडीएसमधलं डोडेसिल सल्फेट पोटॅशियमला भेटलं की ३० अंशांच्या इनक्युबेटरमध्ये विरघळून राहत नाही, साका धरतो. एसडीएस जास्त तितका साका जास्त, म्हणून ओडीही जास्त. तेल घातलेल्या फ्लास्कमध्ये इमल्शन (तेलाच्या बारीक थेंबांचं दुधाळ मिश्रण) हाच चकवा देतं. त्या रात्री राजारामपुरीतल्या खोलीवर मी जेवलेही नाही.

म्हणून हात जोडून सांगते, सर्फॅक्टंटच्या प्रत्येक प्रमाणासाठी जिवाणू न घातलेला वेगळा फ्लास्क ठेवा. एकच ब्लँक (शून्य धरायचा नमुना) सगळ्यांना लावू नका. मी लावला, कारण सीनियरच्या वहीत तसं होतं. वही उतरवून घेणं हा सगळ्यात महागडा शॉर्टकट आहे, हे माझं ठाम मत. बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) सोडियमचा घ्या, पोटॅशियम वाढीपुरतं चिमूटभर ठेवा आणि ओडीसोबत प्लेटवर वसाहती मोजाच. सरांकडे नुसते आकडे नेऊ नका, फ्लास्कही न्या. माझे सर मनाने चांगले, पण मी आलेख दाखवला आणि त्यांनी आलेखच पाहिला.

वाढ खरी निघाली तरी थांबा. काही स्युडोमोनास जिवाणू एसडीएसच खाऊन जगतात. जिवाणूंनी तेल खाल्लं म्हणायचं तर तेलाविना, फक्त एसडीएसचा फ्लास्कही हवा. सीटॅबसारख्या धनभारित सर्फॅक्टंटचं उलटं. ते पेशीपटल फोडतात. त्याच कुळातली चतुर्थक अमोनियम संयुगं तेलक्षेत्रात जिवाणूनाशक म्हणून वापरतात. ती थेंबासोबत प्लेटवरही जातात आणि जिवंत पेशीही मेल्यासारख्या दिसतात. त्यांचा असर मारायला लेसिथिन आणि ट्वीन ८० घातलेलं डायल्युएंट (नमुना पातळ करायचं द्रावण) वापरा. पुस्तकातली एसडीएसची सीएमसी, सुमारे ८ मिलिमोलर, शुद्ध पाण्यातली आहे. खाऱ्या सांडपाण्यात ती बरीच खाली येते, तेव्हा तुमच्याच पाण्यात मोजा.

तीन महिने गेले तरी प्रकल्प वाचतो. माझा वाचला. आणि जानेवारीत सकाळी लॅब उघडल्यावर एसडीएसचा स्टॉक (साठवलेलं दाट द्रावण) पांढरा झालेला दिसला तर घाबरून ओतू नका. थंडीने होतं. बाटली कोमट पाण्यात धरा, थोड्या वेळात निवळशंख होईल.