महापालिकेला मत देताना चार बटणं

ठाणे, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदरसारख्या महापालिकांत एका प्रभागातून साधारण चार नगरसेवक निवडायचे असतात. मुंबईत मात्र एका प्रभागाला एकच नगरसेवक, त्यामुळे तिथून नव्याने राहायला आलेल्यांचा हमखास गोंधळ होतो. आवडत्या उमेदवारासमोरचं बटण दाबलं की झालं, असं समजून माणूस वळतो आणि केंद्राधिकारी हाक मारतात, ‘अहो, अजून बाकी आहे!’

चार जागांना अ, ब, क, ड अशी अक्षरं असतात आणि प्रत्येक गटाच्या मतपत्रिकेचा रंग वेगळा. प्रत्येक गटात एक मत द्यायचं. चारही दिल्यावरच लांब बीप वाजते, तोवर हलू नका. एखाद्या गटात कोणीच पटत नसेल तर त्या गटापुरता ‘नोटा’ आहेच.

चारही मतं एकाच पक्षाला द्यायचं बंधन नाही. प्रचारात ‘पॅनल टू पॅनल’चा कितीही धोशा असो, अ मध्ये एका पक्षाचा आणि क मध्ये अपक्ष निवडलात तरी चालतं. म्हणून आदल्या रात्रीच चारही नावं-चिन्हं ठरवून ठेवा. मागे रांग ताटकळत असताना तिसऱ्या-चौथ्या गटात बोट कुठेही पडतं. घरातल्या ज्येष्ठांनाही हे आधीच समजावून सांगा.