कर्जासोबत गळ्यात मारलेला विमा: बँकेने तक्रार फेटाळली, आता पुढे काय?

‘विमा आपण स्वेच्छेने घेतलेला असल्याने आपली तक्रार बंद करण्यात येत आहे.’ पर्सनल लोन किंवा गृहकर्जासोबत चिकटवलेल्या विम्याबद्दल तक्रार केली की बहुधा असंच दोन ओळींचं उत्तर येतं आणि पुष्कळजण तिथेच नाद सोडतात. सोडू नका. बँकेचं म्हणणं आता लेखी स्वरूपात तुमच्या हातात आहे आणि पुढची सगळी लढाई त्याच कागदाच्या आधारे लढायची आहे.

आधी ते उत्तर नीट वाचा

त्यात तीन गोष्टी शोधा: तारीख, नाकारण्याचं नेमकं कारण आणि अंतर्गत लोकपालाचा उल्लेख. बऱ्याच बँका आणि मोठ्या वित्त कंपन्यांना रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अंतर्गत लोकपाल, म्हणजे तक्रारी स्वतंत्रपणे तपासणारा अधिकारी, नेमावा लागतो. तक्रार पूर्ण किंवा अंशतः फेटाळायची असेल, तर ती आधी त्याच्यासमोर ठेवावी लागते. तुमच्या उत्तरात तसं काहीच नसेल, तर ‘ही तक्रार अंतर्गत लोकपालाकडे गेली होती का?’ एवढा एकच प्रश्न ईमेलने विचारा. या एका प्रश्नाने कित्येकदा फाइल शाखेतून वरच्या टेबलावर जाते.

उत्तर फोनवर मिळालं असेल तर ते लेखी मागा. तोंडी नकाराला पुढे कुठेही किंमत नाही.

नुकसान किती, ते आकड्यात मांडा

लोक फक्त विम्याच्या हप्त्याची रक्कम म्हणजे प्रीमियम परत मागतात. तेवढ्यावर थांबू नका. समजा, ३२,००० रुपयांचा प्रीमियम कर्जाच्या मुद्दलात मिसळला, व्याज १२ टक्के आणि मुदत ५ वर्षं. एवढ्या रकमेचाच ईएमआय महिन्याला सुमारे ७१२ रुपये पडतो आणि मुदत संपेपर्यंत खिशातून जवळपास ४२,७०० रुपये जातात. तक्रारीत हाच हिशेब मांडा. मंजूर रक्कम किती, खात्यात प्रत्यक्ष जमा किती, मधला फरक कशाकशाचा, हे सँक्शन लेटर आणि कर्जखात्याचा उतारा शेजारी ठेवून काढा. फरकात प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा जीएसटीही असतो. तो वेगळा करा, नाहीतर तुमचा आकडा पहिल्याच वाचनात चुकीचा ठरतो.

कागद मागवा

तुमच्याकडे बहुधा विम्याचा एकही धड कागद नसेल. कारण ही पॉलिसी सहसा समूह विमा असते. मास्टर पॉलिसी बँकेच्या नावावर आणि तुम्ही केवळ सदस्य. म्हणून बँक आणि विमा कंपनी दोघांनाही लिहून हे मागा: विम्याचा प्रस्ताव अर्ज, विमा प्रमाणपत्र, ते तुम्हाला कधी आणि कसं पोचवलं याचा पुरावा, संमतीचा ओटीपी कोणत्या वेळी आणि कोणत्या मजकुरासाठी गेला त्याची नोंद, पडताळणीच्या कॉलचं रेकॉर्डिंग आणि कर्जाचं की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे कर्जाचे सगळे आकार एका जागी दाखवणारा कागद.

हे शेवटचं स्टेटमेंट महत्त्वाचं आहे. रिझर्व्ह बँकेच्या १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार, १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ मुदत कर्जांत विम्यासारखे तिसऱ्याच्या वतीने घेतलेले पैसे त्यात वेगळे दाखवावे लागतात आणि वार्षिक टक्केवारी दरातही (व्याज आणि इतर आकार मिळून कर्जाचा वर्षाचा एकूण खर्च, एपीआर) धरावे लागतात. स्टेटमेंटमध्ये नसलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. तुमचं कर्ज त्या तारखेनंतरचं असेल आणि विम्याची ओळ स्टेटमेंटमध्ये नसेल, तर बाजू बरीच भक्कम झाली म्हणून समजा.

आता त्यांच्या कारणाला उत्तर द्या

पहिल्यांदा केलेली तक्रारच पुन्हा जोरात लिहून काही होत नाही. बँकेने दिलेलं कारण घ्या आणि त्यालाच धरा.

‘तुम्ही सही केली आहे’ हे सगळ्यात नेहमीचं कारण. कर्जाच्या गठ्ठ्यात तीस-चाळीस ठिकाणी फुल्या मारून सह्या घेतल्या जातात, हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण नुसतं तेवढं म्हणून भागत नाही. विम्याचा अर्ज उघडा आणि तपशील तपासा. हस्ताक्षर कोणाचं आहे? वारसाचं नाव बरोबर आहे का? आरोग्याच्या प्रश्नांसमोर सरसकट ‘नाही’ लिहिलंय का? एखाद्या मधुमेहाच्या रुग्णाच्या अर्जात ‘कोणताही आजार नाही’ असं एजंटाने परस्पर भरलं असेल, तर विक्री चुकीची झालीच, वर उद्या दावाही अडकणार. असा एक तपशील जबरदस्तीच्या दहा आरोपांना भारी पडतो.

‘विमा ऐच्छिक होता’ असं म्हटलं असेल, तर विमा न घेण्याचा पर्याय कधी आणि कोणत्या कागदावर दिला, हे विचारा. रिझर्व्ह बँकेचे निर्देश स्पष्ट आहेत: विम्याची खरेदी पूर्णपणे ऐच्छिक असली पाहिजे, ती दुसऱ्या बँकिंग सेवेशी जोडता येत नाही आणि विशिष्ट कंपनीचाच विमा घ्या अशी सक्तीही करता येत नाही. ‘इन्शुरन्सशिवाय फाइल पास होणार नाही सर’ असा सेल्सवाल्याचा व्हॉट्सॲप मेसेज असेल तर तो सोन्यासारखा जपा. मूळ चॅट डिलीट करू नका आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट लावा.

‘फ्री-लूक मुदत संपली’ म्हणत असतील, तर लक्षात ठेवा की पॉलिसी वाचून नको असल्यास परत करण्याची ही ३० दिवसांची मुदत पॉलिसीचा कागद तुम्हाला मिळाल्यापासून मोजतात. कागद मिळालाच नसेल, तर पोचवल्याचा पुरावा त्यांनी द्यायचा.

आणि ‘हा विमा कंपनीचा विषय आहे’ ही तर शुद्ध टोलवाटोलवी. बँक कॉर्पोरेट एजंट म्हणून विमा विकते आणि त्यावर कमिशन घेते.

पत्र लांबलचक नको. साधारण असं लिहा:

‘आपल्या अमुक तारखेच्या उत्तरात मी विमा स्वेच्छेने घेतल्याचे म्हटले आहे. सोबत जोडलेल्या अमुक तारखेच्या संदेशात आपल्या प्रतिनिधीने विम्याशिवाय कर्ज मंजूर होणार नाही असे कळवले होते. विमा नाकारण्याचा पर्याय दिल्याचा कागद असल्यास प्रत द्यावी. अन्यथा पॉलिसी रद्द करून प्रीमियम व त्यावर आकारलेले व्याज परत करावे.’

संताप आणि वृत्तपत्रात देण्याच्या धमक्या बाहेर ठेवा. हेच पत्र पुढे बँकेबाहेरचे लोकपालही वाचणार आहेत.

कोणत्या दारात जायचं

इथे लोक सगळ्यात जास्त घोळ करतात. कर्ज देताना सक्ती केली, न विचारता पैसे कापले, ही तक्रार बँकेविरुद्ध. बँकेने फेटाळली किंवा ३० दिवसांत उत्तरच दिलं नाही, की रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. शुल्क नाही. १४४४८ या क्रमांकावर मराठीतही माहिती मिळते. लोकपालाकडे जाण्याला मुदत असते, त्यामुळे उत्तर आल्यावर महिन्याभरात तक्रार टाकून मोकळे व्हा. गृहकर्ज हाऊसिंग फायनान्स कंपनीचं असेल तर दार वेगळं: नॅशनल हाऊसिंग बँकेचं ग्रिड्स पोर्टल. आणि पतसंस्थेचं कर्ज असेल तर सहकार खात्याचं उपनिबंधक कार्यालय. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या कक्षेत येत नाहीत.

अर्जातली खोटी माहिती, न मिळालेली पॉलिसी, नाकारलेला फ्री-लूक हे विषय विमा कंपनीचे. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. ती विमा नियामक आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवरूनही करता येते. महिन्याभरात उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपाल. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. गोव्याच्या तक्रारी पुण्याकडे येतात. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. वकील चालत नाही, आणि लागतही नाही. दोन्ही बाजू समोरासमोर किंवा व्हिडिओवर ऐकतात, तेव्हा कागद तारखांप्रमाणे लावून बसा.

दोन्ही लोकपालांकडे जाण्याआधी तोच वाद न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात नेऊ नका. तिथे प्रकरण चालू असेल तर लोकपाल हात लावत नाहीत. उलट क्रम मात्र चालतो. विमा लोकपालांचा निर्णय पटला नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता खुला राहतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते आणि सेवेसाठी तुम्ही मोजलेली रक्कम (मोबदला) ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. लोकपालाच्या वाटेत ती निघून जाऊ नये म्हणून तारीख आजच कॅलेंडरवर टाका.

प्रत्येक प्रकरण जिंकण्यासारखं असतं असं नाही. वेगळा अर्ज तुमच्या हस्ताक्षरात आहे आणि रेकॉर्डिंगवर तुम्ही सगळं समजून ‘हो’ म्हटलं आहे, तर रद्द करून उरलेल्या मुदतीचा परतावा मिळतो का, एवढंच बघावं. आणि भांडण चालू असताना ईएमआय थांबवू नका. हक्काचे पैसे मिळतील तेव्हा मिळतील, सिबिल आधी खराब होईल.

या काळात ‘आयआरडीएआयमधून बोलतोय, तुमचा रिफंड मंजूर झालाय, आधी एवढी फी भरा’ असे फोन हमखास येतात. नियामक संस्था असे फोन करत नाही. ठेवून द्या.

निकाल तुमच्या बाजूने लागला, तर पैसे बचत खात्यात आले की कर्जात वळते केले, हे तपासा. कर्जात टाकले असतील तर ईएमआय कमी झाला की मुदत, हे दाखवणारं नवं परतफेडीचं वेळापत्रक मागा. विमा रद्द झाल्याचं पत्र मात्र विमा कंपनीकडूनच घ्या, बँकेच्या शब्दावर सोडू नका.