पर्माफ्रॉस्टच्या वरची माती कशी वितळते आणि गोठते, घरच्या फ्रीजमधे करून बघा

आपल्याकडं महाबळेश्वरला वेण्णा लेकला दव गोठलं की पेपरात फोटो येतो, पण ते गवतावरच, खालची जमीन काय गोठत नाही. त्यामुळं पर्माफ्रॉस्ट म्हणलं की पोरांना बर्फाचा डोंगरच वाटतो. खरं तर सलग 2 वर्षं तरी 0 अंशाला किंवा त्याच्या खाली राहिलेली जमीन म्हणजे पर्माफ्रॉस्ट, मग माती असो नाहीतर खडक. सायबेरियात आहे, अलास्कात आहे, आपल्या लडाखमधे पण आहे. आणि त्याच्या वरचा जो थर उन्हाळ्यात वितळून हिवाळ्यात परत गोठतो तो सक्रिय थर, तोच आपल्याला दाखवायचाय. साताऱ्यात बसून पुतणीच्या प्रदर्शनासाठी केलं तसं सांगतो.

दोन सारखे प्लॅस्टिकचे डबे घ्या, काचेची बरणी नको, पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं आणि काच तडकते. माती नदीकाठचा पोयटा घ्या, आम्ही संगम माहुलीचा आणला. वाळू घेऊ नका, गोठताना ती खालचं पाणी वर ओढत नाही, आणि निव्वळ काळ्या मातीतनं पाणी फार हळू सरकतं. चिखल होईपर्यंत भिजवून डबे भरा आणि दोन दिवस फ्रीजरमधे ठेवा.

मग मासेवाल्याकडं मिळतो तसल्या थर्माकोलच्या बॉक्समधे डबे ठेवून चारी बाजूंनी बर्फ ठासा, कारण ऊब फक्त वरनं गेली पाहिजे, बाजूनं वितळलं की सगळं फुकट. एका डब्यावर उसाच्या पाचटाचा जाड थर द्या, दुसरा उघडाच, आणि दोन्ही उन्हात.

आता मोजायचं. सायकलच्या चाकाची तार घ्या, सेंटिमीटरच्या खुणा करा, दर अर्ध्या तासानं टणक लागेपर्यंत खुपसा आणि आकडा लिहा, पण एकाच भोकात नको, चार-पाच ठिकाणी खुपसून सरासरी काढा. टुंड्रात, म्हणजे उत्तरेकडच्या झाडं नसलेल्या गोठलेल्या प्रदेशात, पण अशीच लोखंडी सळई खुपसतात, 1991 पासून त्याचं जगभरचं नेटवर्क आहे, कित्येक ठिकाणी चौकटी आखून 121 जागी मोजतात, ते पण उन्हाळा संपता संपता, तेव्हा वितळ सगळ्यात खोल गेलेली असते.

आमच्या उघड्या डब्यात 3 तासांत 3 सेंमी गेलं, पाचटाखाली जेमतेम 1. पहिल्या तासात भराभर जातं मग मंदावतं, कारण ऊब वरच्या वितळलेल्या मातीतनंच खाली जाते. तिकडं हे पाचटाचं काम शेवाळ करतं, ते खरवडलं की खालची जमीन जास्त खोल वितळते. उघड्या डब्यात वाटीभर पाणी ओतून बघा, वरच साचतं, खाली वाटच नाही. टुंड्रा पाऊस कमी असून दलदलीचा का असतो ते पोरांना तिथंच कळतं, समजवावं लागत नाही.

परत गोठवताना डब्याला बाजूनं आणि खालनं थर्माकोल गुंडाळा आणि मातीत थर्मामीटर ठेवा. पारा 0 ला येऊन बराच वेळ तिथंच अडतो, फ्रीज बिघडला समजू नका, 1 ग्रॅम पाणी गोठताना 80 कॅलरी उष्णता सोडतं, ती बाहेर गेल्याशिवाय पारा खाली जात नाही. खऱ्या जागी तर वरनं थंडी आणि खालनं पर्माफ्रॉस्ट असं दोन्हीकडनं गोठत येतं. तिथं हळूहळू गोठताना बर्फाचे पापुद्रे धरून जमीन चांगली वर उचलली जाते, घरच्या फ्रीजरमधे तेवढं होत नाही, मधोमध थोडासा फुगवटा येतो, त्यामुळं डब्यावर आधीच मार्करनं रेघ मारून ठेवा.